एल्टनची गाडी मी का खोलली

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

आणि गॅरेजमध्ये का नाही टाकली, तर त्याचं उत्तर असं की गॅरेजवाल्याला इंजिन कळत नाही. त्याला कॉम्प्युटर कळतो. गाडीला वायर लावणार, स्क्रीन बघणार, मग गिऱ्हाइकाचं तोंड बघणार आणि काय बदलायचं ते ठरवणार. मी चाळीस वर्षं उत्तनच्या बोटींची इंजिनं खोलली. भर समुद्रात, तोंडात बॅटरी धरून. ही गाडी तर आपल्याच शेडमध्ये उभी आहे. हलत पण नाही.

आज चर्चवरून आल्यावर चालू केली. दर रविवारी चालू करायची, थोडा वेळ ठेवायची, बंद करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं माझा पोरगा एल्टन जाताना सांगून गेलाय. तीन वेळा सांगितलं. मी काय बहिरा आहे? बहिरा नाही म्हणून तर ऐकू आलं. टिक टिक टिक टिक. थंड असताना जास्त, गरम झाल्यावर कमी.

रॉडची बेरिंगं गेली. शंभर टक्के.

बायकोला, मॅबेलला, बोलवून ऐकवलं. ती बोलली, शिवणाच्या मशीनसारखा येतोय आवाज, चांगला हाय की. मी समजावलं. पिस्टनचा दांडा खाली फिरणाऱ्या क्रँकला जिथे धरतो, तिथे अर्ध्या बांगडीसारख्या दोन पट्ट्या असतात. त्या बेरिंगं. त्या झिजल्या की दांडा आपटायला लागतो. मग इंजिनाचा निकाल. ती बोलली, मग एल्टनला फोन लाव. 

फोन लावायचा नाही असं आमचं ठरलं. मी ठरवलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

गोष्ट सरळ आहे. एल्टन २१ डिसेंबरला येतोय. जहाजावर दारूच्या काउंटरला असतो, दोन नाताळ झाले घरी नाही. या वेळी त्याच्या मनात आहे की परत जायचंच नाही. ही लाल गाडी लग्नाला भाड्याने द्यायची, इथेच राहायचं. पहिलं लग्न ठरलं पण, २८ डिसेंबर, गोराईची पार्टी. धंदा चालेलसं वाटलं तर थांबणार. नाही तर कंपनीचा पुढचा करार तयारच आहे, वर्ष संपायच्या आत त्यांना कळवायचंय.

हे तो मला नाही बोलला. आईला, मॅबेलला बोलला. तिने मला सांगितलं, आणि त्याच दिवशी आतल्या खोलीतली जुनी जाळी बाहेर काढून पलंग आणला.

तर गाडी नीट पाहिजे. म्हणून बेरिंग. आता यात चर्चा कसली?

चार दिवसांचं काम. बोटीचं मी दीड दिवसात केलंय, आणि त्यात अर्धा दिवस बोट पाण्यात होती.

६ नोव्हेंबर, बुधवार

उत्तनवरून बस, मग स्टेशनचा पूल, मग केबिन रोड. पार्टचं दुकान. दुकानदाराने गाडीचं नाव विचारलं. माझ्या तोंडात ते नाव बसत नाही, चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. त्याने चिठ्ठी बघितली, माझे पाय बघितले. बोलला, अंकल, ये गाडी आपके पास है? मी बोललो है. सच में है? मी मोबाइलवर फोटो दाखवला. तर बोलतो, शोरूम में खींचा है क्या?

बेरिंगं बाहेरून मागवावी लागतील. आणि बोल्ट पण नवीन घ्या बोलला, ये बोल्ट एक ही बार चलता है, खोला तो फेंकने का. मी बोललो, लोहे का बोल्ट है कि कागज का कप है? दुकानातले दोघं हसले. बोल्ट घेतले नाहीत. मी बोटीत एकच बोल्ट तीन मालक बदलेपर्यंत वापरलाय.

किती पैसे लागले ते इथे लिहीत नाही. मॅबेल ही डायरी वाचत नाही, पण तरी.

१० नोव्हेंबर, रविवार

महिपत आला. मूळचा रत्नागिरीचा, माझ्याबरोबर बोटीवर खलाशी होता. आता गुडघ्यांमुळे घरीच. त्याला बोललो, हलकं काम आहे. तो बोलला, मिस्त्री, तुमचं हलकं मला माहीत आहे. तरी आला. मॅबेलने आज माशाचं कालवण केलं होतं, त्याचा वास त्याच्या गल्लीपर्यंत जातो.

गाडी उचलून ओंडक्यांवर ठेवली. बोट ओढतो तेव्हा खाली लावतो तेच ओंडके. मजबूत. महिपत बोलला, गाडी कुठे सरकणार तर नाही ना. मी बोललो, भरती येणार असेल तर सरकेल.

मॅबेलला ताकीद दिली. एल्टनला सांगायचं नाही. सरप्राइज आहे. ती बोलली, तुझी सरप्राइजं मला म्हाईत हायेत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीखाली नुसतं प्लास्टिक. एक झाकण काढलं की दुसरं झाकण. इंजिनाला काय लाज वाटते? बोटीचं इंजिन कसं, समोर उघडं बसलेलं असतं, माणसासारखं.

इंजिन अजून दिसलं नाही.

१३ नोव्हेंबर

दिसलं. थोडंसं.

१७ नोव्हेंबर, रविवार

खालचा ऑइलचा चेंबर निघाला की बेरिंगं समोर येतात. पण चेंबर निघायला त्याच्या खालचा आडवा लोखंडी भाग सोडवावा लागतो. आणि तो सोडवला की इंजिन खाली बसणार, म्हणून इंजिन वरून टांगावं लागतं. हे सगळं ज्याने डिझाइन केलं त्याला कधी कुठल्या वस्तूला हात लावावा लागलेला नाही.

शेडच्या तुळईला चेनकप्पी लावली आणि इंजिन टांगलं. तुळई करकरली. महिपत बाहेर जाऊन उभा राहिला. मी आत. कोणीतरी आत राहायला पाहिजे.

ऑइल काढलं. मधासारखं निघालं, साफ. बेरिंगं झिजलेली असली तर ऑइलमध्ये धातूचे चमकणारे कण येतात. मॅबेलच्या जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळून बघितलं. काही नाही. म्हणजे कण इतके बारीक आहेत की गाळून पण हाती लागत नाहीत. हे जास्त वाईट.

चार दिवस झाले असतील, नसतील. मोजत बसत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. शाळेत रांग. शाई लावणारी मॅडम बोलली, काका, कुठल्या बोटाला लावू, सगळीच काळी आहेत. मागचे लोक हसले. मी बोललो, मॅडम, हे कामाचं काळं आहे. ती बोलली, हो, पण माझं पण कामच आहे. शेवटी टिशूने पुसून शोधलं बोट.

कंबर.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बेरिंगं आली. एवढासा डबा. त्यात बारा पट्ट्या, कागदात गुंडाळलेल्या, जसे काही दागिने.

चेंबर काढला. आत सहा दांडे. प्रत्येक दांड्याला खाली दोन बोल्टची एक टोपी, टोपी काढली की आत बेरिंग. शेवटी आपलंच गाव लागलं. हात आपोआप चालायला लागले. एक टोपी काढली, एक नंबर टाकला, मॅबेलच्या केकच्या ट्रेमध्ये ओळीने मांडली. बोटीवर पाण्यातल्या मागच्या पंख्याकडून मोजतो तसं मागून एक, दोन, तीन. इथे पंखा नाही, गिअर आहे. तेच.

जुनी बेरिंगं बाहेर काढून उन्हात धरली.

नवीन आणि जुनी शेजारी ठेवली. महिपतने दोन्ही हातात घेतली. बोलला, मिस्त्री, यातली नवी कुठली?

चांगल्या कंपनीचं असंच असतं. झीज डोळ्याला दिसत नाही. जी झीज दिसते ती काय, ती कोणीही ओळखेल.

२४ नोव्हेंबर, रविवार

एल्टनचा फोन. जहाज कुठल्याशा बंदराला लागलंय. मॅबेलशी अर्धा तास. कसला पलंग, केवढी खिडकी, तिथे टेबल बसेल का. मग मला बोलला, पप्पा, गाडी कशी आहे? चालू केली ना आज? मी बोललो, गाडी एकदम टॉप. त्या वेळी गाडी ओंडक्यावर, इंजिन साखळीला आणि सहा टोप्या केकच्या ट्रेमध्ये. पण टॉप हा शब्द काही खोटा नाही. उंचावरच होती.

मी सहज विचारलं, थंड असताना टिकटिक करते का रे ती? तर हसला. बोलला, करते ना पप्पा, ती पहिल्या दिवसापासून करते, ते इंजेक्टर आहेत, त्या इंजिनाचा आवाजच तो. घाबरू नका.

घाबरू नका. दारूत बर्फ टाकणारा पोरगा मला इंजिनाचा आवाज शिकवतोय.

फोन ठेवल्यावर मॅबेल माझ्याकडे बघत राहिली. मी बोललो, काय? ती बोलली, काय न्हाय. जुनं होतं तसंच परत लावून टाक. मी बोललो, आता खोललंच आहे तर नवीनच टाकणार ना. जुनं कोणी परत टाकतं का? जुनं चांगलं असेल तरी टाकतं का?

ती आत जाऊन पलंगावरची चादर बदलायला लागली. कालच बदलली होती.

१ डिसेंबर, रविवार

काम बंद. गाडीखालून बाहेर येताना डावा खांदा आतच राहिल्यासारखा वाटला. अजून वाटतोय.

महिपत दुपारी गाडीखाली गेला, बराच वेळ बाहेर येईना. ओरडलो. झोपला होता. बोलला, मस्त थंड आहे हो खाली.

२ डिसेंबर

खांदा.

३ डिसेंबर, मंगळवार

मॅबेलला केकचा ट्रे पाहिजे. नाताळ आला, फराळाची कुलकुलं कशात ठेवू बोलते. मी बोललो, दोन दिवस थांब. ती बोलली, दोन दिवस दोन दिवस करत तू मला म्हातारी केलीस.

आज एक निश्चय केला. मी लोकांसारखा हट्टी नाही. नवीन गाडी आहे, तर नवीन पद्धतीने करून बघू. मॅबेलच्या मोबाइलवर व्हिडिओ लावला. एक गोरी बाई, हातमोजे घातलेली, हीच गाडी, हेच काम. महिपत आणि मी दोघं चष्मा लावून बसलो. बाई सगळं इंग्लिशमध्ये बोलत होती, पण इंजिन सगळ्या भाषेत सारखंच. समोरून पहिल्या दांड्याकडे बोट दाखवून बोलली, नंबर वन. एवढं तर सातवी पास माणसाला पण कळतं.

तिच्यासारखंच केलं. नवीन बेरिंगं बसवली, एक नंबरची टोपी पुढच्या दांड्याला लावली. बसेना. दोन नंबर दुसऱ्याला. बसेना. सहाच्या सहा, एक पण बसत नाही. मध्ये फट राहते.

दोष व्हिडिओचा आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

कारण सापडलं. टोपी जिथे दांड्याला टेकते ती बाजू अंगठ्याने चाचपून बघितली. खडबडीत! जशी कौल फुटल्यावर कड होते तशी. कापलेली नाही, तोडलेली. एवढी मोठी कंपनी, परदेशची, आणि पार्ट तोडून काढतात. पॉलिश नाही, घासणं नाही. आमच्या वेळी असा पार्ट आला असता तर मालकाने परत पाठवला असता.

मी कानस काढली.

हे आपलं काम. बोटीवर बेरिंग कंपनीच्या मापाने कधी बसवलं नाही, हाताने बसवलं. निळी शाई लावायची, बसवून बघायचं, जिथे शाई उठते तिथे घासायचं. मास्टर मिस्त्रीने मला चौदाव्या वर्षी शिकवलं. सगळ्या टोप्या आणि सगळ्या दांड्यांच्या कडा घासल्या. गाडीखाली पाठीवर पडून, कानस तोंडावर, लोखंडाचा भुगा डोळ्यात. महिपत बॅटरी धरून. संध्याकाळपर्यंत एकदम आरशासारख्या केल्या. कंपनीला पण जमलं नसतं.

आता सगळ्या टोप्या सगळीकडे बसतात. सुळकन.

खूप दिवसांनी बरं वाटलं. मॅबेलला दाखवायला एक टोपी आत घेऊन गेलो. बोटाने चाचपून बघ बोललो. तिने चाचपलं. बोलली, गुळगुळीत हाय. मग बोलली, ट्रे कधी देतोस?

८ डिसेंबर, रविवार

सण, काम नाही. महिपत ख्रिश्चन नाही पण आमच्या सणाला त्याच्याइतका वेळेवर कोणी येत नाही.

जेवताना मध्येच थांबला. बोलला, मिस्त्री, एक विचारू? आपण नंबर टाकले ते मागून टाकले, बोटीसारखे. आणि ती बाई मोजत होती पुढून.

मी बोललो, मग?

तो बोलला, मग काही नाही. म्हणजे आपली एक नंबरची टोपी सहा नंबरवर गेली. म्हणून बसत नव्हती असेल.

मॅबेलने त्याला अजून भात वाढला.

मी विचार केला आणि त्याला सांगितलं, बघ, ते तेव्हाचं. आता घासल्यावर सगळ्या सारख्या झाल्या. कुठलीही कुठेही लागते. उलट काम सोपं करून ठेवलं. पुढच्या मिस्त्रीला नंबर टाकायची पण गरज नाही.

महिपत बोलला, ते पण खरं. आणि भात खाल्ला. पण नेहमीसारखा नाही खाल्ला.

१२ डिसेंबर, गुरुवार

बोल्ट आवळले. जुनेच. त्या बाईकडे घड्याळ लावलेला पाना होता, इतका जोर, मग वर इतके अंश. अंश! गणिताचा पेपर आहे की बोल्ट आहे? माझा हात हाच पाना. बोल्ट किती घट्ट झाला ते मनगटाला कळतं.

शेवटचा एक जरा नरम लागला. आवळतोय आवळतोय आणि घट्टच होईना, भिजलेल्या दोरीसारखा. मग जास्त विचार केला नाही.

ट्रे धुऊन मॅबेलला दिला. तिने परत धुतला. मग परत धुतला. बोलली, कुलकुलं पाटीत ठेवते.

१५ डिसेंबर, रविवार

चेंबर, आडवा भाग, झाकणं, सगळं लागलं, गाडी ओंडक्यांवरून खाली घेतली. दोन स्क्रू आणि एक रबर उरला. कंपनी जास्तच देते.

चालू करायच्या आधी इंजिन हाताने फिरवून बघायचं असतं. पाना लावला, फिरेना. पान्याला पाइप लावला. मी आणि महिपत दोघं लटकलो. अर्धं फिरलं आणि कर्र झालं. नवीन बेरिंग घट्टच असणार. नवीन चप्पल पण चावते.

एल्टनचा मेसेज आईला, गोराईच्या पार्टीला गाडीचे फोटो पाहिजेत. नवरी बोलली लालच पाहिजे. मॅबेलने शेडच्या दारातून फोटो काढून पाठवला. बाहेरून एकदम नवी दिसते. बाहेरून तिला कोणी हातच लावलेला नाही.

गाडीत पुढे दोन माणसं, मागे एक पिशवी. नवरा-नवरी बसले तर ड्रायव्हर कुठे? एल्टन बोलतो नवराच चालवणार. त्या दिवशी नवऱ्याला नीट चालता येत नाही, गाडी कसली चालवतोय. पण ते त्याचं तो बघेल. इथेच असेल ना, बघेल.

१९ डिसेंबर, गुरुवार, सकाळी

आज चालू करणार. ऑइल भरलं. महिपत, मॅबेल, दोघांना बोलवलं. मॅबेलने गाडीला क्रॉस केला, महिपतने नारळ आणला. दोन्ही बाजूने सोय.

१९ डिसेंबर, दुपारी

चालू झाली. हे आधी लिहितो कारण नंतर लोक विसरतात. पहिल्या झटक्याला चालू झाली.

टिकटिक तशीच होती.

मी थोडा अॅक्सिलरेटर दाबला. तेल फिरायला पाहिजे ना सगळीकडे. मग आतून कोणी हातोडा मारल्यासारखा आवाज, मग दोन, मग सलग. महिपत ओरडला, बंद करा, मिस्त्री, बंद करा. मी चावीपर्यंत पोचलो, त्याआधी तीच बंद झाली. धडाम. खाली ऑइल वाहायला लागलं, गरम, शेडच्या दारापर्यंत.

मॅबेलने क्रॉस परत केला, पण या वेळी स्वतःला.

२० डिसेंबर, शुक्रवार

शांतपणे तपासलं. इंजिनाच्या बाजूला भोक पडलंय. लहान आहे. मुठीएवढं. त्यातून एक दांडा बाहेर बघतोय.

बोटीचं असं झालं तर आम्ही वेल्डिंग करतो. हे इंजिन ॲल्युमिनियमचं, वेल्डिंगवाला बोलला चाचा, हात भी नहीं लगाऊँगा. हार्डवेअरमधून पुटी आणली, पाण्याची टाकी गळते तेव्हा लावतात ती. दांडा आत ढकलला, पुटी लावली, वरून लाल रंग मारला. लांबून कळत नाही. 

महिपतला बोललो, २८ तारखेला गाडी ढकलत चर्चच्या दारात उभी केली तरी फोटो तर येतील ना? तो बोलला, आणि चर्चमधून निघताना? मी बोललो, उतार आहे.

महिपत बोलला, मिस्त्री, पोराला फोन करा.

उद्या तर येतोच आहे. आता फोन कशाला?

२१ डिसेंबर, शनिवार

आला. जाड झालाय. दाढी. मॅबेलने दारातच पकडून ठेवलं, सोडेना. त्याने बॅग ठेवली, आतली खोली बघितली, पलंगावर बसून बघितलं, खिडकी उघडली. बोलला, मम्मी, मस्त झालीय. मग बोलला, पप्पा, चला, गाडी बघू.

मी बोललो, आधी जेवून घे.

तो बोलला, दोन मिनिटं.

महिपत तिथेच होता. त्याला घरी पाठवायला पाहिजे होतं. एल्टनने गाडीच्या टपावर हात फिरवला, वाकून खाली बघितलं, मोबाइलची बॅटरी लावली. पुटीवर बोट ठेवलं. रंग ओला होता. बोट लाल झालं.

मी सगळं सांगितलं. टिकटिक, बेरिंग, दुकान, व्हिडिओ. महिपतला वाटलं मी एकटाच अडकलोय, म्हणून मदत करायला बोलला, टोप्या मिस्त्रींनी काय सुंदर घासल्या, आरसा नुसता.

एल्टन ओंडक्यावर बसला. विचारलं, कडा घासल्या? सगळ्या?

मी बोललो, कंपनीने तोडून दिल्या होत्या, खडबडीत.

तो हळू बोलला. बोलला, पप्पा, त्या मुद्दाम तोडतात. तुटलेली बाजू आपल्याच जागेवर बरोबर बसावी म्हणून. दुसरीकडे बसूच नये म्हणून.

बाहेर कोणीतरी बोंबील विकत होतं.

मग तो उठला, महिपतला बोलला, काका, जेवून जा. मला बोलला, चला पप्पा, जेवायला.

ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं होती.

२२ डिसेंबर, रविवार

चर्चला सगळे बरोबर गेलो. परत येताना त्याने विचारलं, मला फोन का नाही केला?

मी बोललो, केला असता तर तू नको बोलला असतास.

तो बोलला, हो.

पुढे चालत राहिलो. तो माझी चाल धरून चालत होता. पूर्वी पुढे निघून जायचा.

२३ डिसेंबर

टोइंगवाला आला. गाडी मोठ्या ट्रकवर चढवून नेली. शेजारचे सगळे बघायला बाहेर. एकाने विचारलं, विकली का? मी बोललो, सर्व्हिसिंगला.

गॅरेजवाल्याने वायर लावली नाही. कॉम्प्युटर बघितला नाही. नुसतं बघितलं आणि बोलला, इंजिन नवीनच टाकावं लागेल.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. केक झाला. ट्रेला थोडा वास आहे, सगळ्यांना आला. एल्टनने दोन तुकडे खाल्ले.

२७ डिसेंबर, शुक्रवार

गोराईच्या पार्टीला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. परत आला तर त्यांनीच दिलेला वाइनचा खंबा हातात. पार्टी चांगली आहे. त्यांना लाल गाडी दुसरीकडून मिळाली.

म्हणजे धंद्यात आधीच दुसरे होते. हे मी एल्टनला बोललो. बघ, एवढं सोपं नव्हतंच. तो बोलला, हो पप्पा.

३० डिसेंबर, सोमवार

एल्टनने कंपनीच्या करारावर सही केली. आता सही पण बोटानेच करतात, मोबाइलवर. मॅबेल बाजूला बसून कुलकुलं डब्यात भरत होती, न्यायला. तिने विचारलं, किती महिन्यांचा? त्याने सांगितलं. ती परत मोजून भरायला लागली, जसं काही महिन्याला किती पुरतील ते बघतेय.

मी शेडमध्ये गेलो. शेड मोठी झालीय.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

गेला. विमानतळावर आम्हाला आत सोडत नाहीत, काचेतून बघायचं. मॅबेलने हात हलवला. त्याने हलवला. मी पण.

मला बोलला, खांद्याला तेल लावत जा, पप्पा. हे कोणी सांगितलं त्याला? मॅबेलने.

तसा तो थांबला नसताच. जहाजाची सवय लागलेला माणूस जमिनीवर किती दिवस टिकणार? चार महिने, सहा महिने. मला अनुभव आहे. गाडी चालू असती तरी कंटाळला असता, गेला असता. गाडीचा काही संबंध नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

महिपत आला होता. शेडकडे बघितलं नाही, सरळ ओट्यावर बसला. चहा घेतला. कोणाच्या तरी बोटीच्या इंजिनाला आवाज येतोय, मला विचारतायत बोलला. मी बोललो, मला वेळ नाही.

तो गेल्यावर मॅबेल आतल्या खोलीतून आली. चादर हातात, घडी केलेली. बोलली, मायकेल, एकच सांग. गाडी चांगली असती तर थांबला असता की न्हाय?

मी बोललो, मला नको विचारू.

ती बोलली, तुला काय वाटतं ते तरी सांग.

मी काही सांगणार नाही. तिला पण नाही आणि इथे पण नाही. या विषयावर माझं बोलणं संपलं.